खडपावरची ओहोटी : वाचकांचे प्रश्न

खडकाळ किनाऱ्याला आमच्या बाजूला ‘खडप’ म्हणतात. ओहोटीला पाणी मागे हटले की या खडपातल्या खळग्यांत समुद्राचे जे थोडे पाणी अडकून राहते, त्यातील जीवसृष्टीविषयी गेल्या अंकात लिहिले होते आणि जवळच्याच उथळ पाण्यात मास्क व नळी लावून तरंगण्याचा, म्हणजे स्नॉर्केलिंगचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब किनाऱ्यावर जाणाऱ्यांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही मालवणला गेलो होतो. खडकांवर पोहोचलो तेव्हा भर दुपार होती आणि सगळीकडे पाणीच पाणी होते. मुलांना काहीही दिसले नाही. तेथील एका गृहस्थांनी ‘तुमची वेळ चुकली’ एवढेच सांगितले. या दिवाळीत पुन्हा जाणार आहोत. सोबत अकरा आणि सात वर्षांची मुले आहेत, शिवाय माझे आईवडील, जे साठीच्या पुढे आहेत. खडकांवरची फेरी आणि स्नॉर्केलिंग एकाच दिवशी जमेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर होते, आणि योग्य वेळ तुम्हाला घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवरूनही काढता येईल. समुद्राला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. मात्र हे चक्र चोवीस तासांत नव्हे, तर सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटांत पुरे होते, आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. यावरूनच जुन्या माणसांनी तिथीला पाऊणने गुणण्याचा हिशेब बसवला. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली आहे त्यांना तो तोंडी करता येतो. बे पाऊण दीड, म्हणून द्वितीयेला दीडच्या सुमारास पूर्ण भरती. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण भरतीच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी धरावी. हा अंदाज आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येत असल्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी पोहोचते. म्हणून शेवटचा निर्णय भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा स्थानिक मच्छीमारांना विचारूनच घ्यावा.

वेळ जुळली तरी पाणी किती खाली जाणार, हा प्रश्न उरतोच. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत उधाण असते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला भर दुपारी बारा वाजता ओहोटी असते खरी, परंतु ती भांगाची असल्यामुळे खडपाचा खालचा, सर्वांत जिवंत पट्टा पाण्याखालीच राहतो. उलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला दुपारी गेलात तर ऐन भरती पदरात पडते. गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत या दोहोंपैकीच एक झाले असणार.

आता दिवाळीचे पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला आणि भाऊबीज द्वितीयेला येते, म्हणजे हे सगळे दिवस उधाणाचेच आहेत. भाऊबीजेला सकाळी सातच्या सुमारास, उजेड असताना आणि ऊन चढण्याआधी, पाणी उधाणाच्या ओहोटीने बरेच खाली गेलेले असते. खडप पाहायला याहून सोयीचा मुहूर्त मला तरी माहीत नाही. पूर्ण ओहोटीच्या सुमारे तासभर आधी खडकावर उतरावे, मागे हटणाऱ्या पाण्याबरोबर खाली खाली जात राहावे, आणि पाणी फिरले की परतायला लागावे.

स्नॉर्केलिंगची गरज मात्र नेमकी उलटी आहे. त्यासाठी स्वच्छ आणि शांत पाणी लागते. ओहोटीला खाड्यांतले गढूळ पाणी बाहेर पडते, आणि उधाणाच्या दिवसांत ओढही जास्त असते. म्हणून खडपासाठी उधाण आणि स्नॉर्केलिंगसाठी भांग, ही विभागणी लक्षात ठेवावी. मुक्काम चारपाच दिवसांचा असेल तर पाडवा-भाऊबीजेच्या सकाळी खडपावर जा आणि पाण्यात उतरणे षष्ठी-सप्तमीवर ठेवा. एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल तर सकाळची ओहोटी खडपासाठी वापरून, न्याहारी आणि विश्रांतीनंतर साडेअकराच्या पुढे, भरती पूर्ण होत असताना पाण्यात उतरा. दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी हलू लागते; तेव्हा त्यापुढे लांबवू नका.

परतण्याची वेळ पाळण्याबद्दल मी थोडी कठोरपणे लिहिते आहे, कारण बहुतेक माणसे येथेच फसतात. भरतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक, असा त्याचा साधारण क्रम असतो. पहिल्या तासात ‘अजून कुठे पाणी आले आहे’ असे वाटते आणि तिसऱ्या तासात ते एकाएकी चहूबाजूंनी येते. मालवणला उधाणाचा एकूण चढ सुमारे दोन मीटर धरला तर तिसऱ्या तासात पाणी अर्धा मीटर वाढते. मुंबईत, जेथे हा चढ साडेचार मीटरच्या आसपास जातो, तेथे त्याच एका तासात मीटरभराहून अधिक. शिवाय पाणी समोरूनच येते असे नाही. खडपाच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, जो सखल भाग असतो तो आधी भरतो, आणि पुढच्या उंच खडकावर उभ्या असलेल्या माणसाला आपला परतीचा रस्ता बुडाल्याचे वळून पाहीपर्यंत कळत नाही. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग ओहोटीलाच चालावा लागतो तो याच कारणाने, आणि तेथे लाटेने ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. खाली उतरण्याआधी दहा मिनिटे वर उभे राहून समुद्र पाहा. सातआठ लहान लाटांनंतर एखादी मोठी लाट कुठपर्यंत पोहोचते ते दिसेल. तिने भिजलेल्या खडकावर मुलांना नेऊ नका, आणि समुद्राकडे पाठ करून कोणीही उभे राहू नये, छायाचित्रासाठीसुद्धा.

आईवडिलांसाठी एवढेच सांगते, की हिरवे शेवाळ ओल्या साबणासारखे असते, आणि पांढरट, खरखरीत दिसणारा खडक बार्नॅकलने (खडकाला घट्ट चिकटलेल्या, टणक कवचाच्या बारीक जीवांनी) भरलेला असल्यामुळे पाय घट्ट धरतो, पण पडल्यास कातडी सोलतो. चपला नकोत; रबरी तळव्याचे जुने कॅनव्हासचे बूट आणि हातात काठी असावी. त्यांना सगळे खडप पालथे घालण्याची गरजही नाही. एका चांगल्या खळग्याच्या काठी सपाट दगड पाहून त्यांना बसवा. पाण्यावर आपली सावली पडू न देता पाच मिनिटे स्तब्ध बसले, की रिकाम्या वाटणाऱ्या खळग्यात हालचाल सुरू होते. कपारीतून कुर्लीचे डोळे वर येतात, वाळूच्याच रंगाचा बोटभर गोबी मासा एका दगडाखालून दुसऱ्या दगडाखाली सटकतो, आणि मघाशी जो ओला, तपकिरी मांसल गोळा वाटला होता तो हळूहळू उमलून शंभर बारीक पाकळ्यांचे समुद्रफूल होतो. भराभर चालणाऱ्या तरुणांपेक्षा बसून राहणाऱ्या आजी-आजोबांनाच खडपावर जास्त दिसते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि मुलगी सात वर्षांची आहे. लाइफ जॅकेट घालून आम्ही दोघींनी स्नॉर्केलिंग करणे सुरक्षित आहे का? मागे एकदा माझ्या मास्कमध्ये सतत पाणी शिरत होते आणि मी घाबरून पाच मिनिटांत बाहेर आले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : न पोहणाऱ्यांनीही शांत पाण्यात, जॅकेट घालून आणि अनुभवी मार्गदर्शकाचा हात धरून हा आनंद घ्यायला हरकत नाही. मालवण-तारकर्लीला बहुतेक जण असेच पाण्यात उतरतात. तेथे राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे. मात्र जॅकेट नुसते अंगावर असून उपयोग नाही. मुलीला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळल्यानंतर दोन्ही खांद्यांपाशी धरून ते वर ओढून पाहा; ते हनुवटीपर्यंत सरकले तर ते तिच्या मापाचे नाही, आणि पाण्यात तेच तिच्या तोंडावर येईल. लहान मापाचे जॅकेट नसल्यास तिला पाण्यात उतरवू नका. त्या दिवशी ती रडेल, तरीही. होडीची प्रवासी क्षमता किती आणि आत बसले आहेत किती, हेही उघडपणे विचारा; विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

मास्कमध्ये पाणी शिरण्याची कारणे साधी असतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क काही क्षण चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो मापाचा. पडला तर दुसरा मागावा. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी तेथून पाणी झिरपते, म्हणून केस पूर्ण मागे बांधावेत. (पुरुषांच्या बाबतीत हाच उपद्रव मिशा करतात.) पट्टा जितका घट्ट तितका मास्क पक्का, ही समजूत चुकीची आहे, फार आवळल्यास रबराची कड दुमडते आणि गळती वाढते. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थोडी थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून समुद्राच्या पाण्याने विसळावे.

घाबरण्याचे मूळ मात्र बहुधा मास्कमध्ये नसते, श्वासात असते. नाक बंद आणि श्वास केवळ तोंडाने, ही शरीराला अनोळखी गोष्ट आहे, आणि ती खोल समुद्रात पहिल्यांदा करून पाहण्यासारखी नाही. म्हणून आधी घरी, खुर्चीवर बसून, मास्क आणि नळी लावून दहा मिनिटे सावकाश श्वास घ्या. मग तलावात किंवा किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चेहरा बुडवा. नळीत पाणी आले तर ‘तू’ असा उच्चार करत जोराने फुंकावे, पाणी वरच्या तोंडाने बाहेर उडते. मुलीला हे खेळ म्हणून चारसहा वेळा जमले, की निम्मी भीती गेली असे समजा. कोणी लांब नळी देऊ केली तर घेऊ नका. नळीत आपणच सोडलेली हवा साचते; ती जितकी लांब, तितकी वापरलेली हवा पुन्हा आत जाते.

आणखी दोन गोष्टी. लहान मुले कोमट वाटणाऱ्या पाण्यातही लवकर गारठतात. ओठ निळसर झाले किंवा दात वाजू लागले की वीस मिनिटे झाली असोत वा पाच, तिला बाहेर काढा. आणि ज्यांना हृदयविकार, दमा किंवा नियंत्रणात नसलेला रक्तदाब आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

प्रश्न : आमच्या मुलांनी किनाऱ्यावरून प्रवाळाचा एक वाळलेला तुकडा आणि काही शंख आणले आहेत. एका परिचितांनी हा गुन्हा असल्याचे सांगितले. हे खरे आहे का? शिवाय मुलांनी तारामासा बादलीत ठेवून दिवसभर पाहिला तर काय बिघडते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रवाळाबद्दल ते खरे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये सागरी जीवांची भर घालण्यात आली, आणि तेव्हापासून खडक घडवणारे प्रवाळ, सर्व समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही जातींचे शंख यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. मेलेला, वाळलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. त्यातच मालवणचा समुद्र हा १९८७ मध्ये घोषित झालेले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य आहे, ज्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी आणि पद्मगडाचा परिसर येतो. मुलांना रागावू नका. त्यांना ठाऊक नव्हते. पण यापुढे काहीही उचलायचे नाही, एवढे आताच सांगून ठेवा.

कायदा बाजूला ठेवला तरी प्रवाळाचा हिशेब मुलांना समजेल असा आहे. गोलसर, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे तळहाताएवढा उंचवटा त्या मुलांहून वयाने मोठा असू शकतो. दमले म्हणून क्षणभर त्यावर पाय टेकला, की वरचा जिवंत थर चिरडतो. स्नॉर्केलिंग करताना पाय खाली सोडून उभे राहण्याची सवय म्हणूनच मोडावी. थकवा आला तर पाठीवर वळून तरंगावे. मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटे टाकली जातात, तीही आपल्यासाठी टाकू नका असे होडीवाल्यांना आधीच सांगावे. पाव हे त्या माशांचे अन्न नव्हे. ज्यांनी खडकावरचे शेवाळ खरवडून प्रवाळाला जागा मोकळी ठेवायची ते मासे पावामागे धावू लागतात.

बादलीतल्या तारामाशाचे काय बिघडते, हे दिसत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. उन्हात ठेवलेल्या बादलीतले पाणी तासाभरात तापते आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. तारामासा मेला तरी कितीतरी वेळ तसाच दिसतो, आणि मुले त्याला जिवंत समजून संध्याकाळी पाण्यात सोडतात. बादली मुळी नेऊच नका. हात लावायचाच असेल तर समुद्राच्या पाण्याने ओला केलेल्या एका बोटाने, प्राणी आहे तेथेच, पाण्यात असताना. दगड उलटून पाहिला तर तो अलगद, होता तसाच पुन्हा ठेवायचा, कारण खालची बाजू ज्यांचे घर आहे ते जीव ऊन सोसत नाहीत.

खडकाला चिकटलेल्या, छत्रीसारख्या शंकूच्या आकाराच्या लिंपेटला तर कधीच उपटू नये. पाणी चढले की हा जीव शेवाळ खात फिरतो आणि अनेक जातींमध्ये पाणी ओसरण्याआधी तो अगदी आपल्याच जागी परत येतो. त्या जागी खडकावर त्याच्या कवचाच्या कडेशी मिळतीजुळती खाच झिजून तयार झालेली असते. कवच तीत झाकणासारखे बसते आणि आतला ओलावा पुढच्या भरतीपर्यंत टिकतो. एखादी रिकामी खाच सापडली तर मुलांना बोटाने चाचपू द्या. तिची कड त्यांना सहज जाणवेल.

प्रश्न : आम्हाला कोकणात जाणे शक्य नाही. मुंबईतच मुलांना असे काही दाखवता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : अवश्य. हाजी अली, वांद्र्याचा खडकाळ किनारा, जुहू, येथे उधाणाच्या ओहोटीला समुद्रफुले, झोअँथिड या समुद्रफुलांसारख्या, दाटीने राहणाऱ्या जीवांच्या हिरवट गाद्या, समुद्री गोगलगायी आणि नशीब असेल तर अष्टपादही दिसतो. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातले अभ्यासक नागरिकांना घेऊन अशा फेऱ्या काढतात. पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर गेल्यास पाहायचे कसे ते कळते. स्नॉर्केलिंगचा विचार मात्र मुंबईत करू नये. पाणी गढूळ असते आणि त्यात सांडपाणीही मिसळते. परतल्यावर मुलांचे हात-पाय साबणाने धुवा आणि पायाला जखम असेल तर त्या दिवशी नेऊच नका.

प्रश्न : समुद्रात काही चावले किंवा डंख झाला तर घरगुती उपाय काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी टाळण्याविषयी. पाकट (चपटा ‘स्टिंगरे’ मासा) वाळूत अंग पुरून बसते आणि पाय पडला तरच शेपटीचा काटा मारते. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना असेच डंख झाले होते. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे चाहूल लागून ते स्वतःच दूर जाते. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर त्यातल्या गोगलगायीचा विषारी दात माणसाला घातक ठरू शकतो. तो खिशात तर नाहीच, तळहातावरही घेऊ नये. ज्या कपारीत दिसत नाही तेथे हात घालू नये.

पाकटाचा काटा लागला किंवा काटेरी माशावर पाय पडला, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना बरीच कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हातापायाने पाहावे. बधिर झालेला पाय भाजल्याचे कळत नाही. काटा पोटात किंवा छातीत रुतला असेल तर तो उपटू नये, आहे तसा ठेवून रुग्णालय गाठावे. जेलीफिशच्या डंखावर वाळू चोळणे, गोडे पाणी ओतणे, लघवी लावणे, हे सगळे चूक आहे, कारण त्वचेला चिकटलेल्या तंतूंतल्या न फुटलेल्या विषाच्या पिशव्या त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने उचलावेत आणि नंतर गरम पाण्याचा शेक द्यावा. धाप लागली, चेहरा सुजला, उलट्या झाल्या किंवा भोवळ आली तर घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवणे उत्तम.

प्रश्न : आम्ही सॅन डिएगोला राहतो. आईबाबा हिवाळ्यात येत आहेत. येथे तिथीचा हिशेब चालेल का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : चालणार नाही. प्रशांत महासागराच्या त्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक बरीच खोल आणि दुसरी उथळ असते, म्हणून तेथील छापील तक्ताच पाहायला हवा. पण आईबाबा योग्य वेळी येत आहेत. हिवाळ्यात तेथील खोल ओहोट्या दुपारी, उजेडात येतात. उन्हाळ्यात त्या पहाटेच्या आत उरकतात. पॉइंट लोमावरील कॅब्रिओ राष्ट्रीय स्मारकाच्या खडकांवर त्यांना न्या. पाणी मात्र हिवाळ्यात १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आपल्या कोकणातल्या पाण्याच्या जवळपास निम्म्यावर, तेव्हा वेटसूटशिवाय स्नॉर्केलिंग नको. ला होयाच्या पाण्यातला झगमगीत नारिंगी गॅरिबाल्डी मासा त्यांना दाखवायचा असेल तर त्यांचा मुक्काम उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत लांबवण्याचा आग्रह धरा.

प्रश्न : मी पाचवीत आहे. आम्ही वेंगुर्ल्याला शंखातला खेकडा पाहिला. तो मोठा झाला की शंखपण मोठा होतो का? (साताऱ्याहून एक छोटी वाचक)

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न मला सर्वांत आवडला. शंख त्याचा नसतोच. तो एका मेलेल्या गोगलगायीचा असतो आणि गोगलगाय गेल्यावर शंख वाढायचा थांबतो. खेकडा मात्र वाढत राहतो, म्हणून त्याला मोठे घर शोधावे लागते. त्याचे पोट मऊ आणि वळलेले असते, त्यावर टणक कवच नसते, त्यामुळे शंखाबाहेरचा एक क्षणही त्याच्यासाठी धोक्याचा असतो.

एका सकाळी मी खडपावर असा एक खेकडा पाहिला. त्याला एक रिकामा शंख सापडला होता. आधी त्याने तो नांग्यांनी फिरवून फिरवून पाहिला, मग नांगी आत घालून किती खोल आहे ते मापले, आत अडकलेले वाळूचे कण बाहेर काढले. मग तो थांबला. मला वाटले, नको झाला असेल. तेवढ्यात तो जुन्या शंखातून सर्रकन बाहेर आला आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पाठमोरा नव्या शंखात शिरला. जुना शंख तेथेच पडला. थोड्या वेळाने त्याच्याहून लहान एक खेकडा आला आणि त्या जुन्या शंखाला नांग्यांनी फिरवून फिरवून पाहू लागला.

पुढच्या वेळी वेंगुर्ल्याला गेलीस की किनाऱ्यावरचे रिकामे शंख नीट बघ. त्यांच्या तोंडाशी कडा तुटलेल्या आहेत का, आत कोणी आहे का, ते पाहा आणि मग ते होते तेथेच ठेव. काय काय दिसले ते मला पत्रात लिहून कळव.